झेनर बॅरिअर: व्होल्टेज ड्रॉप, अर्थिंग आणि केबलचा हिशोब

लूपवाला

टँकवरचा लेव्हल ट्रान्समीटर, झोन शून्य (जिथे स्फोटक गॅस कायम असू शकतो), गॅस ग्रुप टू-सी (हायड्रोजनसारखे सर्वात सहज पेटणारे). टू-वायर, ४-२० मिलिॲम्प (४ म्हणजे ० टक्के, २० म्हणजे १०० टक्के). सेफ एरियात २४ व्होल्टचा सप्लाय, पॉझिटिव्हला २८ व्होल्ट ३०० ओहमचा झेनर बॅरिअर (फील्डमध्ये, म्हणजे टँककडच्या धोक्याच्या भागात, गॅस पेटेल एवढी ऊर्जा जाऊ न देणारा), परतीला डायोड-रिटर्न चॅनल (करंट फक्त परत येऊ देणारा), इनपुट कार्डाला २५० ओहम. केबल ३०० मीटर, दीड चौरस मिलिमीटरची.

रीडिंग ८६ टक्क्यांपर्यंत अचूक. त्यापुढे टँक भरत गेला तरी करंट १७.८ मिलिॲम्पवर अडकतो. ट्रान्समीटर बदलला, तेच. कार्डाचा चॅनल बदलला, तेच. ट्रान्समीटर बेंचवर बॅरिअरशिवाय तपासला तर २० मिलिॲम्प व्यवस्थित देतो. त्याला किमान १२ व्होल्ट लागतात असं डेटाशीट म्हणते. बॅरिअर गेलाय का? आणि गेला असेल तर ८६ टक्क्यांपर्यंत बरोबर कसा चालतो?

ओहमकार

बॅरिअर धडधाकट आहे. व्होल्टेज पुरत नाहीये.

लूपमधले सगळे रेझिस्टन्स मांडा. पॉझिटिव्ह चॅनल नावाला ३०० ओहमचा, पण फ्यूजचा रेझिस्टन्स आणि टॉलरन्स धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३४० धरावा. रिटर्न चॅनल २५ ओहम, शिवाय डायोडचा ०.९ व्होल्टचा ठोक ड्रॉप. कार्ड २५०. केबल जाऊन-येऊन ६०० मीटर, म्हणजे ७ ओहम. बेरीज ६२२ ओहम.

२४ मधून डायोडचे ०.९ आणि ट्रान्समीटरचे १२ वजा केले की ११.१ व्होल्ट उरतात. त्याला ६२२ ने भागलं की १७.८ मिलिॲम्प. हाच तुमचा आकडा.

२० मिलिॲम्पला ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर जेमतेम १०.७ व्होल्ट पोचतात. खालच्या रेंजमध्ये करंट कमी, ड्रॉप कमी, म्हणून तिथे सगळं आलबेल दिसतं. काही ट्रान्समीटर असे एका जागी चिकटतात, काही रीसेट होऊन ४ वर कोसळतात आणि परत चढतात. दुसरा प्रकार बरा म्हणायचा, निदान लक्षात तरी येतो.

यातली खरी भानगड वेगळीच आहे. ट्रान्समीटर बिघडला की करंट २१ मिलिॲम्पच्या वर नेऊन इशारा द्यायचा असं सेटिंग असेल, तर तुमच्या लूपमध्ये तो इशारा कधीच पोचणार नाही. बिघाड झाला तरी पडद्यावर ८६ टक्के दिसत राहील. हाय-लेव्हलचा अलार्म ९० वर असेल तर तोही वाजायचा नाही.

लूपवाला

हिशोब पटला. मग सप्लाय २७ व्होल्ट केला तर? पॉवर सप्लायला ॲडजस्टमेंटचा स्क्रू आहे.

ओहमकार

त्या स्क्रूला हात लावू नका. २८ व्होल्टचा बॅरिअर म्हणजे झेनर २८ ला अचानक जागा होतो असं नाही. डेटाशीटमध्ये दोन आकडे असतात. एक वर्किंग व्होल्टेज, जिथे गळती काही मायक्रोॲम्पच असते. या जातीच्या बॅरिअरला ते साधारण साडेपंचवीस व्होल्ट असतं. दुसरा त्याहून व्होल्टभर वरचा कमाल आकडा, ज्याच्यापुढे फ्यूजचा भरवसा नाही. २७ म्हणजे दोन्हींच्या पलीकडे.

२५ व्होल्ट चालतील, पण तेवढ्याने भागत नाही. २५ − ०.९ − १२ = १२.१, भागिले ६२२, म्हणजे साडेएकोणीस मिलिॲम्पच्या आतच. ९६ टक्क्यांवर अडकेल.

इन्स्ट्रुमेंटवाली

+१. सप्लाय बॅटरी चार्जरवरून येत असेल तर हे आधी बघा. लेड-ॲसिडचे १२ सेल, प्रत्येकी २.२५ व्होल्ट फ्लोट, म्हणजे बसवर मुळातच २७ व्होल्ट. बूस्टला गेला की २८ च्या वर. पॅनेलवर "२४ व्होल्ट डीसी" लिहिलेलं असतं, त्यामुळे मीटर लावून कोणी बघतच नाही. मग बॅरिअरचे फ्यूज आज एक, महिन्याने दोन असे उडत राहतात आणि खापर फुटतं बॅरिअर बनवणाऱ्यावर. चार्जर आणि बॅरिअर यांच्यामध्ये २४ व्होल्टला बांधून ठेवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा.

गळतीचा आणखी एक चकवा असतो. करंट मोजणारा रेझिस्टर पॉझिटिव्ह बाजूला, म्हणजे सप्लाय आणि बॅरिअर यांच्या मध्ये असेल, तर झेनरमधून अर्थला जाणारी गळती रीडिंगमध्ये मिसळते आणि रीडिंग वर सरकतं. रेझिस्टर परतीच्या वायरवर असेल तर रीडिंग बिघडत नाही, पण सप्लाय विनाकारण करंट देत बसतो.

शंकासुर

एक बाळबोध शंका. हा ३०० ओहमच सगळ्या त्रासाचं मूळ दिसतोय. फ्यूज आहे, झेनर आहे, मग रेझिस्टर कशाला? १०० ओहमचा घेतला तर लूपही सुटेल.

ओहमकार

बाळबोध अजिबात नाही, उलट इथेच बहुतेकांची गल्लत होते. बॅरिअरमध्ये सेफ बाजूकडून क्रम असा: फ्यूज, मग अर्थकडे जाणारे झेनर, मग फील्डकडे जाणारा रेझिस्टर.

सेफ बाजूच्या टर्मिनलवर चुकून मेन्स आला असं धरा. बॅरिअरच्या प्रमाणपत्रावर तिथला कमाल आकडा बहुधा २५० व्होल्ट असतो. झेनर लगेच वहायला लागतो आणि पुढे जाणारं व्होल्टेज २८ ला धरून ठेवतो. बाकीचा करंट अर्थमध्ये. इतक्या करंटने झेनर जळायच्या आत फ्यूज उडतो. म्हणजे फ्यूज राखतो झेनरला. फील्ड सर्किटला तो काहीच वाचवत नाही, कारण फ्यूज उडायला मिलिसेकंद लागतात आणि ठिणगीचं काम मायक्रोसेकंदात उरकतं.

रेझिस्टर फील्डसाठी. फील्डमध्ये वायरी एकमेकींना चिकटल्या तर जास्तीत जास्त २८ भागिले ३०० म्हणजे ९३ मिलिॲम्प. १०० ओहम घातला तर २८० मिलिॲम्प होतील आणि टू-सी गटात २८ व्होल्टला तेवढा करंट बसत नाही. कमी ओहमचे बॅरिअर मिळतात, पण त्यांचं व्होल्टेजही कमी असतं. व्होल्टेज आणि करंट एकमेकांशी बांधलेले आहेत, एक वाढवला की दुसरा उतरवावा लागतो.

झेनर एकटा नसतो. दुसरा, बऱ्याचदा तिसराही समांतर असतो, कारण आय-ए या सर्वात कडक सुरक्षा-दर्जाला दोन दोष झाले तरी सर्किट सुरक्षित राहावं लागतं. आय-बी ला एक दोष, आय-सी ला नेहमीचं चालणं. म्हणून झोन शून्याला आय-ए. रेझिस्टर मात्र एकच चालतो, पण तो फिल्म किंवा वायरवाउंड अशा जातीचा हवा, जो बिघडला तर ओपनच होतो, शॉर्ट होत नाही. शिवाय दीडपट पॉवरचा. फील्ड शॉर्ट झाल्यावर त्यात २८ चा वर्ग भागिले ३००, म्हणजे २.६ वॅट जिरतात, तर रेटिंग किमान ३.९ वॅट.

निळी_वायर

यावरूनच उलटा बसवलेला बॅरिअर का घातक ते कळतं. फील्डची वायर सेफ टर्मिनलला आणि सप्लाय निळ्या (फील्डच्या) बाजूला जोडला तरी लूप छान चालतो, रीडिंगही बरोबर येतं. पण आता रेझिस्टर झेनरच्या आधी आला आणि झेनर व फील्ड यांच्यामध्ये फक्त फ्यूज उरला. मेन्स आला तर रेझिस्टर आणि झेनर दोन्ही भाजून निघतील, तोडणारं कोणी नाही. फंक्शन टेस्टमध्ये ही चूक सापडत नाही, डोळ्यांनीच बघावी लागते.

पोलॅरिटीची चूक तुलनेने साधी. पॉझिटिव्ह बॅरिअरला निगेटिव्ह व्होल्टेज दिलं की झेनर साध्या डायोडसारखा ०.७ व्होल्टला वाहतो आणि फ्यूज जातो. पैशाचं नुकसान, धोका नाही.

शंकासुर

मग आता अवघड शंका. २८ व्होल्टला टू-सी साठी ८३ नॅनोफॅरड कपॅसिटन्स चालतो असं बॅरिअरच्या कागदावर आहे. अर्धा सी व्ही वर्ग करून बघितलं तर ३२ मायक्रोज्यूल येतात. हायड्रोजन तर २० मायक्रोज्यूलच्या आसपास पेटतो म्हणतात. मग हा आकडा सुरक्षित कसा? वर दीडपटीचा सेफ्टी फॅक्टर धरलेला असतो म्हणे!

ओहमकार

जियो. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

ते २० मायक्रोज्यूल मोजताना इलेक्ट्रोडमधलं अंतर, मिश्रणाचं प्रमाण, सगळं पेटायला अनुकूल करून ठेवलेलं असतं आणि ठिणगी हजारो व्होल्टची असते. २८ व्होल्टची ठिणगी वेगळी. ती पडते तेव्हा दोन्ही धातू जवळपास टेकलेले असतात, त्यामुळे ठिणगीची बरीच उष्णता धातूच ओढून घेतो आणि गॅसच्या वाट्याला थोडीच येते. म्हणून हे आकडे सूत्रातून काढलेले नाहीत, प्रयोगातून आलेले आहेत.

प्रयोगाचं यंत्र ठरलेलं आहे: ०.२ मिलिमीटरच्या टंगस्टनच्या तारा, खाचा पाडलेल्या कॅडमियमच्या तबकडीवर घासत फिरतात, भोवती गॅसचं मिश्रण. टू-सी साठी हवेत २१ टक्के हायड्रोजन, टू-बी साठी ७.८ टक्के इथिलीन, टू-ए साठी ५.२५ टक्के प्रोपेन. डीसी सर्किट असेल तर एका पोलॅरिटीने २०० फेरे, उलटीने २००, आणि एकदाही पेटलं नाही पाहिजे. त्यातून निघालेल्या आलेखांवर दीडपटीचा फॅक्टर लावून तक्ते बनले. त्याच २८ व्होल्टला टू-बी मध्ये ६५० नॅनोफॅरड, टू-ए मध्ये २.१५ मायक्रोफॅरड चालतात. आपला गॅस खरंच टू-सी आहे का, हे आधी नक्की करा म्हणतात ते यासाठी. उगाच कडक गट धरला की केबलची लांबी आठपटीने आखडते.

कपॅसिटर_काका

इंडक्टन्सला विसरू नका रे. १९१३ साली वेल्समधल्या सेंगेनिडच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार गेले. चौकशीत जी संभाव्य कारणं पुढे आली त्यात सिग्नलच्या घंटीच्या तारांमधली ठिणगी होती. बॅटरीवरचं कमी व्होल्टेजचं सर्किट ते. पण घंटीच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा तार तोडताना ठिणगीत उतरते. या विषयाच्या संशोधनाला खरा जोर त्यानंतर आला. आजही साध्या सोलेनॉइडला आत डायोड नसेल तर प्रश्न तोच.

बाकी बॅरिअरला स्वतंत्र अर्थ पिट (जमिनीत पुरलेला अर्थिंगचा इलेक्ट्रोड) घ्या, म्हणजे पॉवरच्या अर्थिंगचा गोंधळ त्यात शिरत नाही. स्वच्छ अर्थ.

निळी_वायर

काका, सेंगेनिडबद्दल धन्यवाद, पण पिटच्या बाबतीत सपशेल असहमत. हा सल्ला पुष्कळ ड्रॉइंगांवर छापलेला सापडतो आणि तो चुकीचा आहे.

आकड्यांत सांगतो. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा पिट २ ओहम, तुमचा स्वतंत्र पिट ३ ओहम. पॅनेलमध्ये २३० व्होल्टची वायर सुटून बॅरिअरच्या बसबारला (सगळे बॅरिअर ज्या पट्टीवर अर्थ होतात तिला) लागली. करंट मातीतून परत जाणार: २३० भागिले ५, म्हणजे ४६ ॲम्प. वर ३२ ॲम्पचा एमसीबी असेल तर तो जेमतेम १.४ पट करंटला पटकन ट्रिप होत नाही, कितीतरी मिनिटं तसाच बसू शकतो. आणि तेवढा वेळ बसबारवर ४६ गुणिले ३, म्हणजे १३८ व्होल्ट. फील्डमधली प्रत्येक आयएस (इंट्रिन्सिकली सेफ, म्हणजे गॅस पेटवू न शकणाऱ्या सर्किटची) वायर आता टँकच्या लोखंडापेक्षा १३८ व्होल्ट वर. बॅरिअरने २८ ला धरलं ते बसबारच्या तुलनेत, टँकच्या तुलनेत नाही. बॅरिअरचे फ्यूज यात कुठे येतच नाहीत.

तोच बसबार तांब्याच्या वायरने थेट न्यूट्रलच्या मुख्य अर्थ पॉइंटला जोडला आणि फॉल्टच्या वाटेत एकूण अर्धा ओहम धरला, तर ४६० ॲम्प वाहतात आणि एमसीबी क्षणात ट्रिप होतो.

नियम: बॅरिअर बसबारपासून मुख्य अर्थ पॉइंटपर्यंत १ ओहमच्या आत. वायर ४ चौरस मिलिमीटरची एक, किंवा दीड चौरस मिलिमीटरच्या किमान दोन स्वतंत्र. मी दोनच घ्यायला सांगेन, कारण मग तपासणीला एक सोडून दोघींचा मिळून रेझिस्टन्स मोजता येतो आणि दुसरी जोडलेली राहते. ही वायर इन्सुलेटेड, बसबार पॅनेलच्या पत्र्यापासून इन्सुलेटरवर उचललेला, आणि वाटेत मोटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), वेल्डिंग कशाचाही अर्थ तिला जोडायचा नाही. काकांना अपेक्षित असलेला "स्वच्छपणा" एवढ्याने मिळतो. मुख्य पॉइंटपर्यंत वेगळी वायर, तिथे मात्र एकत्र.

कपॅसिटर_काका

१३८ चं गणित मान्य. पिट मागे घेतो. पण मुख्य पॉइंटला जोडल्यावर व्हीएफडीचा नॉइज येतो हे खरं आहे की नाही?

इन्स्ट्रुमेंटवाली

येतो, पण दोष बहुतेकदा केबलच्या शील्डचा असतो. शील्ड फील्डच्या जंक्शन बॉक्समध्ये आणि पॅनेलमध्ये, दोन्हीकडे अर्थ केलेली असते. एकाच टोकाला, बॅरिअर बसबारलाच जोडायची. फील्डच्या टोकाला कापून इन्सुलेट. न वापरलेल्या कोअर त्याच बसबारला जोडा आणि दुसरं टोक इन्सुलेट करा, किंवा दोन्ही टोकं नीट टर्मिनलमध्ये बसवून ठेवा. ट्रेमध्ये लोंबत ठेवू नका.

लूपवाला

माझ्या मूळ लूपकडे येतो. मग बॅरिअर काढून आयसोलेटर (सेफ आणि फील्ड या बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) लावणं हाच उपाय?

ओहमकार

तीन वाटा आहेत. कार्डाचे २५० ओहम कमी करणं, पण हार्ट (४-२० च्याच वायरींवरून जाणारा डिजिटल संवाद) वापरत असाल तर लूपमध्ये किमान २३० ओहम लागतात, त्यामुळे ही वाट जवळपास बंद. दुसरी, कमी व्होल्टेजवर चालणारा ट्रान्समीटर. तुमच्या लूपला २२ मिलिॲम्पलाही पुरायला हवं असेल तर तो ९ व्होल्टला चालणारा पाहिजे, कारण तिथे ९.४ च उरतात. तिसरी, गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. तो २० मिलिॲम्पलाही फील्ड टर्मिनलवर १५-१६ व्होल्ट देतो. मी तिसरी घेईन.

आयसोलेटरला सुरक्षेसाठी आयएस अर्थ लागत नाही, ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टोकपलरने दोन्ही बाजू तोडलेल्या असतात. जिथे सेन्सर फील्डमध्येच अर्थ झालेला आहे, उदाहरणार्थ टोक धातूच्या आवरणाला वेल्ड केलेला थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर), किंवा ज्याचं इन्सुलेशन ५०० व्होल्टला टिकत नाही असं उपकरण, तिथे झेनर बॅरिअर घेतला की दोन ठिकाणी अर्थ होतो. तिथे आयसोलेटरला पर्याय नाही.

बदल्यात काय? महाग, रुंद, आणि तापतो. एका चॅनलला ०.७ ते दीड वॅट. पॅनेलमध्ये ६० चॅनल खेटून बसवले की आतलं तापमान मोजायलाच हवं. बिघडण्याजोगे भागही जास्त. झेनर बॅरिअर मुकाट पडून राहतो.

इन्स्ट्रुमेंटवाली

आरटीडीलाही (रेझिस्टन्सवरून तापमान मोजणारा सेन्सर, उदाहरणार्थ पीटी-१००) आयसोलेटर किंवा टेंपरेचर कन्व्हर्टरच बरा. थ्री-वायर पीटी-१०० मध्ये दोन वायरींचा रेझिस्टन्स सारखा धरलेला असतो. बॅरिअरच्या दोन चॅनलमध्ये १ ओहमचा फरक पडला तरी २.६ अंश सेल्सिअसची चूक, कारण पीटी-१०० अंशाला ०.३८५ ओहमच बदलतो.

थर्मोकपलला कार्डाचा बर्नआउट करंट (वायर तुटली का ते ओळखायला कार्ड सोडतं तो) बघा. १ मायक्रोॲम्प गुणिले ६०० ओहम म्हणजे ०.६ मिलिव्होल्ट, के टाइपला १४-१५ अंश. कार्ड बरोबर, थर्मोकपल बरोबर, रीडिंग चूक.

लूपवाला

आयसोलेटर बदलताना केबलचा हिशोब परत करावा लागेल का? जुना कागद मिळत नाहीये.

ओहमकार

कराच. कागद नसेल तर लूप आयएस आहे असं म्हणताच येत नाही, मग वायर कितीही निळी असो.

आयसोलेटरच्या प्रमाणपत्रावरून पाच आकडे घ्या (बाहेर जाऊ शकणारं कमाल व्होल्टेज, करंट, पॉवर आणि जोडता येणारा कमाल कपॅसिटन्स, इंडक्टन्स): यू-ओ २८ व्होल्ट, आय-ओ ९३ मिलिॲम्प, पी-ओ ०.६५ वॅट, सी-ओ ८३ नॅनोफॅरड, एल-ओ सुमारे ४ मिलिहेन्री. बऱ्याच आयसोलेटरचे आकडे असेच असतात, पण तुमच्या प्रमाणपत्रावरचेच घ्या. ट्रान्समीटरवरून (त्याला चालणारं कमाल व्होल्टेज, करंट, पॉवर आणि त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स, इंडक्टन्स): यू-आय ३०, आय-आय ३०० मिलिॲम्प, पी-आय १ वॅट, सी-आय ११ नॅनोफॅरड, एल-आय शून्य, असं धरू.

पहिले तीन सरळ: २८ हा ३० च्या आत, ९३ हा ३०० च्या आत, ०.६५ हा १ च्या आत. यातला पॉवरचा आकडा लोक बघतच नाहीत. ०.६५ येतो कुठून? २८ गुणिले ०.०९३ भागिले ४, रेझिस्टरमधून काढता येणारी कमाल पॉवर. ट्रान्समीटरचा पी-आय ०.६ असेल तर व्होल्टेज-करंट बसूनही जोडी अमान्य, कारण बिघाडात त्याचा एखादा भाग ठरलेल्या टेंपरेचर क्लासच्या वर तापू शकतो. टी-४ म्हणजे १३५ अंशांच्या आत, हे या पॉवरवरच बेतलेलं असतं.

आता केबल. ८३ वजा ११, उरले ७२ नॅनोफॅरड. केबलचा आकडा माहीत नसेल तर मीटरला २०० पिकोफॅरड आणि १ मायक्रोहेन्री धरायचे. ७२ नॅनो भागिले २०० पिको, म्हणजे ३६० मीटर. तुमची ३०० आहे, बसते. इंडक्टन्स ०.३ मिलिहेन्री, ४ च्या खूप आत. इंडक्टन्स आडवा आलाच तर एल बाय आर चा (इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स) आकडा वापरा: केबलचा ३० मायक्रोहेन्री प्रति ओहम, आयसोलेटरचा पन्नाशीच्या वर, मग लांबी कितीही असो, एल मोजायची गरज नाही.

निळी_वायर

एक पुरवणी. फील्ड उपकरणांचा सी-आय आणि एल-आय दोन्ही, केबल सोडून, सी-ओ आणि एल-ओ च्या १ टक्क्यापेक्षा जास्त असतील तर सी-ओ आणि एल-ओ निम्मे धरायचे. वरच्या उदाहरणात एल-आय शून्य आहे म्हणून लागू नाही. पण लूपमध्ये सर्ज प्रोटेक्टर किंवा इंडिकेटर घातला आणि त्याचा एल-आय १०० मायक्रोहेन्री निघाला की सी-ओ एकदम ४१.५ वर येतो, आणि ११ वजा जाता केबलला दीडशे मीटरच उरतात. सर्ज प्रोटेक्टर मागाहून "जाता जाता" बसवला जातो आणि हिशोब कोणी उघडत नाही. हार्टचा हँडहेल्ड फील्डमध्ये लावणार असाल तर त्याचेही आकडे याच बेरजेत.

दोन चॅनलच्या बॅरिअरलाही हे लागू. २८ व्होल्ट ९३ मिलिॲम्पचे दोन चॅनल एकाच उपकरणाला गेले तर करंट १८६ धरायचा, आणि ती जोडी टू-सी मध्ये बसत नाही. डायोड-रिटर्न यातून सुटतो, कारण तो फील्डकडे करंट देत नाही.

शंकासुर

जुना बॅरिअर चांगला आहे की नाही हे कसं तपासायचं? आणि फ्यूज उडाला असेल तर बदलता येतो?

निळी_वायर

काढताना आधी सेफ बाजूच्या वायरी, मग फील्डच्या, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. बसवताना बरोबर उलट, अर्थ आधी. सुटलेल्या टोकांना टेप.

मग मल्टिमीटरने चॅनलच्या दोन टोकांमध्ये रेझिस्टन्स. २८ व्होल्टवाल्याला ३०० च्या वर आणि डेटाशीटच्या कमाल आकड्याच्या आत आला तर ठीक. ओपन आला तर फ्यूज गेला. डायोड-रिटर्नला डायोड रेंजवर, एका दिशेने वाहणार, दुसऱ्या दिशेने नाही. झेनर शाबूत आहेत का हे साध्या मल्टिमीटरने कळत नाही, त्याला करंट-लिमिट लावलेल्या सप्लायने वर्किंग व्होल्टेज देऊन गळती मोजावी लागते.

फ्यूज बदलता येत नाही आणि ते मुद्दाम तसं आहे. सगळं रेझिनमध्ये गाडलेलं असतं, नाहीतर ५० मिलिॲम्पच्या जागी कोणीतरी १ ॲम्पचा घातलाच असता. काही बॅरिअरना बाहेरून बदलता येणारा जास्तीचा फ्यूज असतो, तो आतला वाचवण्यासाठी. आतला उडाला की बॅरिअर टाकून द्यायचा आणि नवा लावायच्या आधी फ्यूज का उडाला ते शोधायचं.

इन्स्ट्रुमेंटवाली

आणि बॅरिअर जोडलेला असताना केबलला मेगर (५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावू नका. एक तर रीडिंग शून्याजवळ येईल, कारण मेगरचा करंट ३०० ओहम आणि झेनरमधून अर्थला जातो, आणि केबल खराब म्हणून उगाच खोदाई सुरू होईल. दुसरं, फील्डमधल्या केबलला ५०० व्होल्ट देणं हेच प्रज्वलनाचं कारण. ७२ नॅनोफॅरड ५०० व्होल्टला चार्ज झाले की ९ मिलिज्यूल, म्हणजे हायड्रोजनला लागणाऱ्या २० मायक्रोज्यूलच्या साडेचारशे पट. दोन्ही टोकं सोडून, गॅस-फ्री परमिट हातात असताना, आणि टेस्टनंतर केबल डिस्चार्ज करूनच.

लूपवाला

सगळ्यांचे आभार. आयसोलेटर मागवतोय, केबलचे खरे आकडे केबल बनवणाऱ्याकडून घेतो. शेवटचं: त्याच टँकवर हाय-हाय लेव्हलचा साधा फ्लोट स्विच आहे, डिजिटल इनपुट कार्डावर. निघालेला बॅरिअर त्याला लावला तर? स्विचला कसलंच प्रमाणपत्र नाही.

ओहमकार

एंड-टू-एंड रेझिस्टन्स बरोबर आला तर लावा. नुसता कोरडा काँटॅक्ट असलेला स्विच सिंपल ॲपरेटसमध्ये मोडतो, त्याला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. आत एलईडी, रेझिस्टर किंवा कॉइल आहे का ते मात्र उघडून बघा. असेल तर तापमानाचा आणि सी-आय, एल-आय चा हिशोब लिहून ठेवावा लागेल. झोन शून्यात उतरणाऱ्या भागाचं इन्सुलेशन ५०० व्होल्टला टिकतं का तेही बघा.

ड्रॉपचा प्रश्न इथे येत नाही. कार्ड ७ मिलिॲम्प ओढत असेल तर ३४० ओहमवर २.४ आणि डायोडवर ०.९, तरी कार्डाला २० व्होल्ट मिळतात. फक्त बॅरिअर रेलवर बसवल्यावर शेजारचे नॉन-आयएस टर्मिनल निळ्या बाजूपासून ५० मिलिमीटर लांब ठेवा, जागा नसेल तर मध्ये पार्टिशन घाला.

निळी_वायर

आणि काँटॅक्ट टँक भरल्यावर उघडणारा घ्या. मग वायर तुटली, फ्यूज उडाला किंवा बॅरिअर कोणी काढून ठेवला तरी अलार्मच येईल.